वाचकांचे प्रश्न : स्वयंसेवक म्हणून परदेशी जाताना

या खेपेला सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : वय 23, बी.एस्सी. झालंय. जर्मनीत वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. जागा मिळवून द्यायचे एक एजंट अडीच लाख मागतोय. द्यावेत का? – एक वाचक, वाई

देऊ नका. या योजनेत पैसे स्वयंसेवकाला मिळतात, त्याच्याकडून घेतले जात नाहीत. जर्मनीत असे दोन मार्ग आहेत. एफएसजे म्हणजे सामाजिक सेवेचं वर्ष, ते 27 वर्षं पूर्ण होण्याआधीच करता येतं. बीएफडी ही सरकारची स्वयंसेवा योजना, तिला वयाची वरची अट नाही. मुदत बहुधा 12 महिन्यांची असते. दरमहा हातखर्च आणि आरोग्यविमा मिळतो, बऱ्याच ठिकाणी राहणं-जेवणही. वर्षात 25 दिवस प्रशिक्षण शिबिरं असतात, ती चुकवता येत नाहीत. विमानाचं तिकीट आणि व्हिसाची फी मात्र बहुतेकदा आपल्या खिशातून जाते.

अर्ज थेट संस्थेकडे करायचा. करार हातात आला की त्यात चार गोष्टी बघा : महिन्याचा हातखर्च किती, खोली आणि जेवण कोण देणार, आठवड्याचे तास किती, सुट्टीचे दिवस किती. यातलं काहीही ‘तिथे गेल्यावर ठरवू’ असं कोणी म्हणालं, तर सही करू नका.

बहुतेकांचं अडतं ते भाषेत. जर्मनची ए-2 पातळीची परीक्षा झाल्याशिवाय अर्जाच्या भानगडीत पडू नये, त्यावरची बी-1 असेल तर उत्तम. व्हिसाच्या मुलाखतीत ‘तिथे रोज काय काम करणार’ असं विचारतात आणि पाठ केलेलं उत्तर लगेच उघडं पडतं. काम बहुधा वृद्धाश्रमात, दवाखान्यात किंवा अपंगांच्या संस्थेत असतं. सकाळी लवकर पाळी सुरू होते, नाश्ता भरवायचा असतो, आणि व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लागलेत हे हाताने चाचपल्याशिवाय आजोबांना उठवायचं नसतं. ‘हाबेन झी श्मेर्त्सन?’, म्हणजे ‘तुम्हाला दुखतंय का?’, हे विचारणं सोपं आहे. त्यावर आजी जे सांगतील ते समजणं अवघड, तयारी त्याची करा. कॉलेजात एनएसएस केलं असेल तर 240 तासांचं प्रमाणपत्र अर्जाला जोडा. ‘कमवा आणि शिका’तलं कामही लिहा. रयत शिक्षण संस्थेच्या मुलांना ते सांगायचं सुचतच नाही, पण तो खरा अनुभव आहे.

प्रश्न : कृषी पदविका झाली आहे, घरी द्राक्षबाग आहे. केनियातल्या एका संस्थेत तीन महिने जातोय. तिथल्या बायकांना परसबागेसाठी ठिबक शिकवायचं आहे. इथून काय सामान नेऊ? – एक वाचक, तासगाव

सामान कमीत कमी न्या. भोक पाडायचा पंच आणि मूठभर ग्रोमेट, म्हणजे नळी घट्ट बसवायच्या रबरी कड्या, पुरेत. नळ्या तिथल्याच घ्या. इथून नेलेल्या मापाची नळी तुम्ही परतल्यावर तुटली, तर ती जोडायला तिथे काही मिळणार नाही.

तिथे बादलीचं ठिबक चालतं आणि केनियात ते नवीनही नाही. 20 लिटरची बादली जमिनीपासून एक मीटर उंच ठेवायची, बुडाला ग्रोमेट बसवून नळी काढायची, जाळीचा फिल्टर लावायचा आणि टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, जोडून 15-15 मीटरच्या दोन लॅटरल, म्हणजे रोपांच्या ओळीतल्या नळ्या, सोडायच्या. 30 सेंटिमीटरवर एक रोप धरलं तर 100 रोपं बसतात. एका बादलीत रोपाला 200 मिली पाणी मिळतं. सकाळ-संध्याकाळ भरली तर 400 मिली.

तासगावच्या माणसाची चूक होते ती दाबाच्या हिशेबात. बागेतला ताशी 4 लिटरचा ड्रीपर (नळीवरची थेंब सोडणारी तोटी) एक किलो दाबावर, म्हणजे सुमारे 10 मीटर उंचीच्या पाण्यावर, 4 लिटर देतो. एक मीटरवर तो जेमतेम सव्वा लिटर देईल. दाब नियंत्रित करणारे महागडे ड्रीपर तर इतक्या कमी दाबाला नीट चालतच नाहीत, ते चुकूनही घेऊ नका. दाब एवढासा असल्यामुळे वाफा सपाट लागतो : शेवटचं टोक 20 सेंटिमीटर वर असेल तर तिथला पाचवा हिस्सा दाब गेला. बाग उतारावर असेल तर लॅटरल उताराला आडव्या टाका. मग पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एकसारख्या वाट्या ठेवून पाच मिनिटांनी दोन्हीतलं पाणी मोजा. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असेल तर रोपं लावायच्या आधी वाफा दुरुस्त करा.

बिघाड ठरलेले आहेत. पांढरी, उघडी बादली उन्हात राहिली की शेवाळ धरतं आणि ड्रीपर चोक होतात, म्हणून गडद रंगाची झाकणाची बादली घ्या. फिल्टर दर आठवड्याला धुवा आणि लॅटरलची टोकं उघडून पाणी सोडून द्या. उन्हाळ्यात कुत्री आणि उंदीर पाण्यासाठी नळी कुरतडतात, वर चार बोटं पालापाचोळा टाकला की नळी दिसत नाही. पण सगळ्यात आधी बायकांना एक विचारा : रोजचं 40 लिटर पाणी कुठून आणि कोण आणणार? ते डोक्यावरून एक किलोमीटर आणायचं असेल, तर ही बाग त्यांच्या कष्टात भर घालेल. तिथे आधी छपराचं पाणी साठवायचं बघा.

जाण्याआधी पीतज्वराची लस घ्या. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. एका कुपीत बरेच डोस असतात आणि उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते, म्हणून केंद्रं वार ठरवून नावं घेतात. आधी चौकशी करा. प्रमाणपत्र लसीनंतर दहाव्या दिवसापासून धरतात आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतल्यावर सहा दिवस विलगीकरणात जातील. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. हिवतापासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली तर गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका पोळते. ती परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते. प्रवासी परवान्यावर स्वयंसेवा करता येईल असं गृहीत धरू नका. लागणारी परवानगी संस्थेकडून लेखी मागा.

प्रश्न : मुलगी 19 वर्षांची आहे. दोन आठवडे नेपाळच्या अनाथाश्रमात मुलांना शिकवायला जाते म्हणते. त्यासाठी फी भरायची आहे. पाठवावं का? – एक आई, कोरेगाव

ताई, या कामाला नको. अशा आश्रमांतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. फी भरणारे पाहुणे येत राहिले की आश्रमाला मुलं लागतात, आणि गरीब घरातली मुलं ‘शिक्षणा’च्या नावाखाली तिथे आणली जातात. लळा लावून दर पंधरवड्याला निघून जाणारी ताई त्या मुलांना आणखी एक घाव देते. मुलीची ओढ चांगली आहे, ती मोडू नका. श्रमदानाच्या आंतरराष्ट्रीय शिबिरांचा पर्याय तिच्यापुढे ठेवा. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था 1920 मध्ये पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं फ्रान्समधलं एक गाव उभारण्यातून सुरू झाली. 1934 च्या बिहार भूकंपानंतर तिचे संस्थापक पिएर सेरेसोल इथे घरं बांधायच्या कामाला आले होते. तिची शाखा भारतातही आहे.

प्रश्न : भाऊ जर्मनीत स्वयंसेवक आहे. त्याच्या तिथल्या मित्रांनी आमच्या मंडळाच्या वाचनालयासाठी पैसे जमवले आहेत. मंडळाच्या खात्यावर घेता येतील का? – एक वाचक, शिराळा

नाही. परदेशी नागरिकांचे पैसे संस्थेला घ्यायचे तर एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने घेऊन तुम्हाला द्यावेत, ही वाटही 2020 च्या दुरुस्तीने बंद झाली. भाऊ भारतीय नागरिक आहे, त्यामुळे तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. पावती फाडताना त्याच्या भारतीय पासपोर्टची प्रत फाइलला लावा. मित्रांचे पैसे मात्र त्याच्या खात्यातून फिरवून आणू नका. आधीच मंडळाच्या खात्यावर आले असतील तर खर्चू नका, बँकेला लेखी कळवून परत पाठवा.