चाळीस जण, एक ग्रील अन् रात्रीचे बारा

प्रश्न: नमस्कार भाऊ. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा साईडले. आमी बारा दोस्त, म्हणजे आता पोट्टे काय म्हणाव, सगळ्यायले लेकरं झाले, पण हिवाळ्यात महिन्यातून एकदा वावरात डब्बा पार्टी अन् धुळवडीले मोठा कार्यक्रम हे चुकत नाही. तीन साल पहिले ऑनलाइन एक कोळशाची ग्रील घेतली होती, घडी होणारी, दीड फूट बाय एक फूट. पहिले फक्त आमीच बारा होतो तं भागत होतं, आता बायका-लेकरं, जावई, पुण्या-मुंबईवरून आलेले भाऊबंद धरून चाळीसच्या घरात माणूस होते. मागच्या धुळवडीले सात वाजता कोळसा पेटवला अन् शेवटचा पीस रात्री बारा वाजता निघाला, तोपर्यंत अर्धे लोकं वरण-भात खाऊन झोपले. जो भाजून रायला होता त्याले तं खायलेच भेटलं नाही. आता ऑनलाइन एक मोठी पाहिली, बावीस इंची गोल, झाकणवाली, खाली चाकं, अठरा हजाराची. बारा जण वर्गणी केली तं डोक्यामागे दीड हजार. घेऊन टाकाव का? आमच्यात सात-आठ जण माळकरी आहेत, त्यायचं पनीर-वांगे आमी अगोदर भाजून घेतो, तो काही प्रॉब्लेम नाही.
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दीड-दीड हजारात काय विचारायचं, घेऊन टाका. दुसऱ्यांदा वाचताना माळकऱ्यांच्या त्या ओळीवर अडकलो, अन् मला तरी वाटते खरा प्रॉब्लेम तिथंच आहे. पण ते नंतर, आधी हिशोब करू.

दीड बाय एक फूट म्हणजे पंचेचाळीस बाय तीस सेंटिमीटर, १३५० चौरस सेंटिमीटर जागा. ही सगळी भरायची नसते, एक तिसरा हिस्सा खाली कोळसा न टाकता मोकळा ठेवायचा, कारण चरबी टपकून भडका उडाला की पीस सरकवायला जागा लागते. उरले ९००. मांडीसकट तंगडीचा पीस हाताच्या पंजाएवढा, मधली फट धरून दीडशे चौरस सेंटिमीटर खातो. म्हणजे एका घाण्यात सहा पीस. हाडाचा पीस कच्चा टाकला तर आतपर्यंत शिजायला अर्धा तास धरा. माळकरी सोडून तीस खाणारे, प्रत्येकी दोन म्हणजे साठ पीस, दहा घाणे, पाच तास. सात वाजता पेटवलं, बारा वाजता संपलं. तुमच्या भाजणाऱ्याची काहीच चूक नाही, त्याला आधी एक तंगडी वाढा.

आता अठरा हजारवाली पाहा. बावीस इंच गोल म्हणजे साधारण २५०० चौरस सेंटिमीटर. आहे त्याच्या दुप्पटही नाही! त्याच हिशोबाने एका घाण्यात अकरा पीस, तरी सहा घाणे, तीन तास. झाकण असतं, खाली-वर हवेच्या खिडक्या असतात, आच कमी-जास्त करता येते, चार-सहा जणांच्या घराला ती वस्तू एक नंबर आहे, मी काही नावं ठेवत नाही. पण ती चाकं आपल्या काळ्या मातीत, ढेकळांत कुठं फिरवता? पार्किंगच्या फरशीसाठी बनवलेलं ते चाक आहे.

म्हणून पहिला सल्ला फुकटाचा. पुढच्या पार्टीला कोंबडी कच्ची जाळीवर टाकूच नका. मसाला-दही लावलेले पीस मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं वाफवून घ्या, पूर्ण शिजवायचे नाहीत, अन् तिथून लगेच जाळीवर. मग जाळीवर फक्त रंग अन् धूर घ्यायचा राहतो, आठ-दहा मिनिटांत पीस तयार. आहे त्याच ग्रीलवर दहा घाणे दोन तासांत निघतात. फक्त सकाळी अर्धकच्चं वाफवून संध्याकाळपर्यंत तसंच ठेवू नका, त्यानं पोटं बिघडतात. गंज चुलीवर अन् शेजारी ग्रील, एकीकडून काढा, दुसरीकडे टाका. अन् खालचं सुटलेलं पाणी फेकू नका बाप्पा, ते रश्शात घाला. पीस झाला का हे पाहायचं तर हाडाजवळ सुरी घालून बघा, आत गुलाबी दिसायला नको. खात्री पाहिजे असेल तर सुईचं थर्मामीटर मिळते, आत ७४ डिग्री आलं की झालं.

एवढं करूनही मोठी ग्रील पाहिजेच असं वाटत असेल, अन् वाटणारच, कारण चाळीस माणसं गोळा झाली की त्या जाळीभोवती उभं राहायची मजा वेगळीच असते, तर आता ती माळकऱ्यांची गोष्ट. तुम्ही म्हणता त्यांचं अगोदर भाजून घेतो, प्रॉब्लेम नाही. तुम्हाला नसेल, त्यांना विचारलं का? मागच्या वेळी ज्या जाळीवर चरबी जळाली त्याच जाळीवर वांगं ठेवलं जाते, किती घासली तरी वास येतो, अन् माळ घातलेला माणूस तोंडानं बोलत नाही, फक्त म्हणते मले आज भूक नाही. माझ्या मामांनी असं चार वर्षं केलं, आम्हाला पत्ता नाही. शिवाय अगोदर भाजलेलं वांगं नऊ वाजता थंडगार झालेलं असते. तेव्हा तुम्हाला एक मोठी नाही, दोन वेगळ्या पाहिजेत, अन् त्या दोन्ही एकाच ड्रममधून निघतात.

दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम पाहिला असेल. आडवा धरून उभा चिरला की दोन पन्हाळी निघतात, प्रत्येकीचं तोंड साधारण ५७ बाय ८८ सेंटिमीटर, म्हणजे पाच हजार चौरस सेंटिमीटर. अठरा हजारवालीच्या दुप्पट, अन् तशा दोन. एकीवर कोंबडी, तिसरा हिस्सा मोकळा ठेवूनही बावीस पीस, तीन घाण्यात तुमचं काम संपलं. दुसरी कायमची वांगी, पनीर, कणीस, कांदे, रोडगे शेकायला. दुसरीला मांसाचा हात लागूच द्यायचा नाही, पाहिजे तर पायांना वेगळा रंग मारा, चिमटे पण वेगळे ठेवा.

पण ड्रम कुठून आणता हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्या ड्रममध्ये फवारणीचं औषध कालवलं तो कितीही धुतला तरी चालणार नाही. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्याबद्दल तुम्हाला मी काय सांगाव. केमिकलचा, थिनरचा, ऑईलचा पण नको. खाद्यतेलाचा रिकामा मिळाला तर बरं, अन् तोही स्वतः कटर घेऊन कापायला बसू नका, आत राहिलेल्या वाफेवर ठिणगी पडली तर बंद ड्रम फुटतो. वेल्डिंगवाल्याकडे न्या, अन् आत काय होतं ते त्याला खरं खरं सांगा.

चांगला ड्रम भेटला नाही तर नवीन काळ्या पत्र्याची पेटीच बनवून घ्या. मी असतो तर हेच केलं असतं. ड्रमचा पत्रा एखादा मिलिमीटर, दोन-तीन हिवाळ्यांत तळ गंजून जातो. तीन मिलिमीटरचा काळा पत्रा घेतला, तीन फूट बाय दीड फूट, आठ इंच खोल, तर नुसती पेटी बावीस किलोच्या आसपास भरते, पाय अन् जाळी धरून पस्तीस-चाळीस किलो. वेल्डिंगवाले किलोच्याच भावानं सांगतात, म्हणून वजन अगोदर माहीत असलेलं बरं, मग तो घासाघीस करते तेव्हा तुम्हालाही बोलता येते. गाडीवर नेता येणार नाही, पण दोघं जण उचलून ट्रॉलीत टाकू शकता.

जाळीच्या बाबतीत मात्र त्याचं ऐकू नका. त्याच्याकडे कुंपणाची चमकणारी जीआय जाळी पडलेली असते, तो म्हणेल हीच लावून देतो, स्वस्तात होते. त्या चमकीवर जस्ताचा थर असतो, निखाऱ्यावर तापला की त्याचा धूर निघतो अन् तो धूर बरा नसतो, खायच्या वस्तूखाली ते नकोच. साध्या काळ्या गोल सळीची जाळी बनवायला सांगा, सहा-आठ मिलिमीटरची, नाहीतर पैसे असतील तर स्टीलची. जाळी एकसलग नको, दोन तुकडे करा, म्हणजे एक उचलून मधेच कोळसा टाकता येतो. कोळशापासून जाळी चांगली सहा-सात बोटं वर पाहिजे. अन् दोन्ही टोकांच्या पत्र्याला खालच्या बाजूनं बोटभर जाडीची भोकं, त्यावर सरकणारी पट्टी. पट्टी उघडली की हवा, आच वाढते, लावली की कमी होते, बाकी त्यात काही सायन्स नाही. आतून रंग लावू द्यायचा नाही. घरी आणली की पहिल्या दिवशी काहीही न भाजता तासभर दणकून निखारा ठेवा, मग जाळी गरम असताना तेलाचा बोळा फिरवा.

कोळसा लाकडाचा, बाभळीचा मिळाला तर उत्तम. कपाशीची पळाटी भर्रकन पेटते अन् तशीच विझते, शिवाय फवारलेली असते, ती चुलीखालीच राहू द्या. पेटवायला रॉकेल-पेट्रोल टाकू नका, सगळ्या कोंबडीला वास लागते. पंधरा किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्याची दोन्ही तोंडं कापा, खालून दोन-तीन इंचावर चार सळ्या आडव्या घाला, त्याखाली चारी बाजूंनी भोकं. खाली रद्दी पेपर, वर कोळसा, पेटवा अन् गप्पा मारत बसा. वीस-पंचवीस मिनिटांत वरचे कोळसे राखाडी झाले की चिमट्यानं धरून ओता. पंखा-फुंकणी काही लागत नाही.

एक गोष्ट मात्र वर्गणी करायच्या आधी ठरवा, ती म्हणजे ही वस्तू राहणार कोणाच्या घरी. आमच्या गावात आठ वर्षांआधी आम्हीही अशीच वर्गणी करून मोठी पेटी बनवली होती, मोठी म्हणजे पाच फुटांची, लग्नात पुरेल अशी. दोनदा वापरली. भरायलाच पोतंभर कोळसा लागायचा, दहा माणसांसाठी कोण पेटवते? आता ती एका दोस्ताच्या कोठ्यात आहे, शेळ्या त्यात कुटार खातात, अन् खरं सांगू का, गव्हाण म्हणून फार मजबूत आहे. म्हणून म्हणतो, दोन मध्यम करा, लोक कमी असले तर एकच पेटवता येते. अन् घडीवाली विकू नका, घरच्या पाच जणांना तीच बरी.

राहिली राख. धुळवडीच्या दिवसांत गहू वाळलेला असतो, कुटाराच्या गंज्या असतात, वारा सुटलेला असतो. ग्रील गंजीपासून लांब लावा, अन् अशी की वारा गंजीकडून ग्रीलकडे येईल, शेजारी पाण्याची बादली. आम्ही एकदा रात्री अकराला, विझली असं समजून, राख शेणखताच्या खड्ड्यात टाकली. पहाटे तीनला शेजारीण ओरडत आली, खड्ड्यातून धूर निघत होता, आख्खी आळी बादल्या घेऊन धावली. तेव्हापासून राख पेटीतच सकाळपर्यंत पडू देतो, मगच काढतो.

प्रश्न: दादा, आम्ही वणीजवळ राहतो. इथं दगडी कोळसा सहज मिळतो, लाकडी कोळसा महाग पडते. ग्रीलमध्ये दगडी वापरला तर चालेल का? अन् पाऊस असला तर आम्ही पडवीत, दार लावून भाजलं तर?
– एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, दोन्हीला नाही. दगडी कोळशात गंधक असते, धूर उग्र, तो सरळ अन्नाला लागते. सिगडीवर पातेलं ठेवून भाजी शिजवता तेव्हा मधे भांडं असते, जाळीवर तसं काही नसते. लाकडी कोळसा महाग वाटत असेल तर बाभळीची नाहीतर चिंचेची सुकी लाकडं बाजूला जाळून त्याचे निखारे खोऱ्यानं ग्रीलमध्ये ओढा, वेळ लागते पण पैसे वाचतात. प्लायवूड, रंग मारलेल्या दार-खिडक्यांची लाकडं त्यात टाकू नका.

अन् दार लावून तर मुळीच नाही, कोळसा कोणताही असू द्या. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड झालं, मळमळलं की लोकांना वाटते जागरण झालं म्हणून, अन् तिथंच झोपतात. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं नसतं, उलट लाल झालेला बिनधुराचा निखाराच जास्त फसवतो. पडवी तीन बाजूंनी उघडी असेल तर छपराखाली उंच जागी लावा. नाहीतर त्या दिवशी तव्यावर भाजा, पाऊस काही रोज नसतो.