उठाव चालू असताना लोक भिंती रंगवत का बसतात?

तुमचा मुद्दा असा की दुसऱ्या दिवशी सरकारी माणूस येऊन चुना फासणारच, मग चित्र काढून उपयोग काय? चित्रांनी सत्ता पडत नाही, हे मान्यच. पण माझ्या मते चित्रापेक्षा त्यावरून जुंपलेलं भांडण महत्त्वाचं असतं, आणि चुना हा त्या भांडणातलाच एक डाव.

कैरोचं बघा. 2011 च्या उठावात इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार होऊन तीनेक महिने झाले होते, कारभार लष्कराकडे होता. मे 2011 मध्ये गन्झीर या टोपणनावाच्या चित्रकाराने एका पुलाखाली भलाथोरला रणगाडा काढला. समोरून डोक्यावर पावाची फळी तोलत एक सायकलवाला येतोय, बस्स. पुढच्या काही महिन्यांत लष्कराच्या हातून निदर्शक मेले, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी त्याच रणगाड्याखाली चिरडलेली माणसं रंगवली. मग लष्कराच्या समर्थकांनी येऊन नेमकी ती माणसं पुसली, रणगाडा तसाच ठेवला! त्यावर तिसऱ्या गटाने माणूस गिळणारा लष्करी राक्षस काढला. निदर्शकांना गुंड ठरवणाऱ्या सरकारी टीव्हीवर हा वाद कधी झाला असता का?

कैरोत निदर्शनांचं केंद्र असलेल्या तहरीर चौकाजवळच्या मोहम्मद महमूद रस्त्यावर नोव्हेंबर 2011 च्या चकमकींत छर्रे लागून अनेकांचे डोळे गेले. तिथे भिंतीवर एका डोळ्याला पट्टी बांधलेले चेहरे आले. फेब्रुवारी 2012 मध्ये पोर्ट सईद शहरातल्या फुटबॉल मैदानात झालेल्या हिंसाचारात 70 हून जास्त माणसं मेली. त्यांचेही चेहरे आले, काहींना पंख लावलेले. शेजारी अला अवाद या चित्रकाराने प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांच्या धाटणीत शोक करणाऱ्या बायका काढल्या. सप्टेंबरमध्ये भिंत रंगवून साफ केली, तर लगेच तिच्यावर जीभ काढून वेडावणारा चेहरा हजर.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. लष्कराने रस्ते अडवायला सिमेंटचे ठोकळे रचले, तर चित्रकारांनी ठोकळ्यांवर पलीकडचा रस्ताच हुबेहूब रंगवला.

हे सगळं चालतं ते रस्ता लोकांच्या ताब्यात असेपर्यंतच. 2013 मध्ये लष्कराने मुस्लीम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेचं निवडून आलेलं सरकार पाडून पुन्हा सत्ता घेतली, निदर्शनांवर कडक कायदा आला आणि रात्री रंगाचा डबा घेऊन निघणं परवडेनासं झालं. गन्झीरवर टीव्हीवरून ब्रदरहूडचा माणूस असल्याचा आरोप झाला आणि 2014 मध्ये त्याने देश सोडला.