गिटार देऊन बँजो घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाच वर्षांपूर्वी 28,000 रुपयांना घेतलेली अकूस्टिक गिटार आणि वर 7,000 रुपये देऊन जुना पाचतारी बँजो घ्यायचा. तोच बँजो समोरचा माणूस रोखीने 18,000 ला द्यायला तयार आहे. महिन्याकाठी तुमचे 6,000 उरतात, अडीनडीची शिल्लक जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे, म्हणून 7,000 क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी भरायचा विचार आहे.

आधी 28,000 हा आकडा डोक्यातून काढा. गिटार आज जेवढ्याला विकली जाईल तेवढीच तिची किंमत. 18,000 मधून 7,000 वजा करा, उरले 11,000. या अदलाबदलीत तुमची गिटार 11,000 ला धरली आहे. तसल्या गिटारींच्या जाहिराती तुम्ही 15,000 च्या पाहिल्यात. घासाघीस होऊन 13,500 हातात आले तरी अदलाबदलीत 2,500 रुपयांवर पाणी सोडावं लागतं. महिनाभर थांबूनही 11,000 च्या वर गिऱ्हाईक आलं नाही, तरच हा सौदा बरा.

पण मी तुम्हाला आत्ता विकायलाही सांगणार नाही. गिटारच्या चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेचे डी, जी, बी हे सूर पाचतारी बँजोवर तसेच असतात. सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी आणि पहिली ई वरून डी वर उतरवा. अंगठ्याला प्लास्टिकची आणि दोन बोटांना धातूची नखी लावून आठ आठवडे रोज अर्धा तास रोल, म्हणजे अंगठा आणि दोन बोटांनी एकेक तार ठरावीक क्रमाने छेडण्याचे नमुने, वाजवा. बँजोची आखूड पाचवी तार, तिचा तो वरचा जी, गिटारवर मिळणार नाही. पण उजव्या हाताची ही चाल तुम्हाला रुचते का, ते नक्की कळेल. या परीक्षेला खर्च फक्त नख्यांचा.

तोवर 12,000 साठतात. त्यात गिटारचे 13,500 धरले तर 25,500. बँजोचे 18,000 आणि तारा-दुरुस्तीचे 3,000 जाऊन 4,500 अडीनडीच्या शिल्लकीत टाकता येतात. कार्डाची गरजच उरत नाही. तिथे व्याज, प्रक्रिया शुल्क आणि त्यांवर जीएसटी असं तिहेरी ओझं असतं. दोन्ही वाद्यं ठेवायची तर साडेतीन महिन्यांची सगळी बचत त्यातच जाईल. शिल्लक दोनच महिन्यांची असताना ते मला पटत नाही. ती निदान सहा महिन्यांच्या खर्चाएवढी होऊ द्या.

आता वाद्य. आपल्याकडे मिरवणुकीतला ‘बँजो’ म्हणजे कळा दाबून वाजवायचा बुलबुलतरंग, त्यामुळे दुसरीकडे पाहायची वेळ आली तर नुसत्या नावावर जाऊ नका. खुंट्या मोजा. पाचवी खुंटी दांडीच्या बाजूला, पाचव्या फ्रेटपाशी, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या आडव्या पट्टीपाशी, हवी. सहा खुंट्या असतील तर तो बहुधा गिटारसारखाच लावलेला बँजो. त्यावर नवं काही शिकणं होत नाही.

प्रत्यक्ष पाहताना हेडवर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, कडेला चीर आहे का बघा. ब्रिजखाली, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीखाली, हेड खोल दबलं असेल तर ताण कमी आहे. कडेचे नट थोडे थोडे, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळून ते सुधारतं, पण नटांचे आटे झिजले असतील तर नाही. बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर तिथल्याच हार्मोनिकशी, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडल्यावर येणाऱ्या सुराशी, जुळत नसेल तर घाबरू नका. बँजोचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तो सरकवला की बहुतेक वेळा काम होतं. दांडी वाकली असेल किंवा पाचवी खुंटी ताण धरत नसेल, तर मात्र भाव पाडून मागा.

तारांचे दोन संच आधीच मागवून ठेवा. बँजोच्या तारेच्या टोकाला बहुधा फास असतो, गिटारच्या तारेला गोळी, आणि फासाच्या तारा गिटारच्या दुकानात सहसा मिळत नाहीत.