ग्रंथसूचीत नेमका शोध कसा घ्यावा

दर्यापूर किंवा धारणीहून अमरावतीच्या विद्यापीठात ये-जा करून संशोधन करणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याने, ग्रंथालयाची ऑनलाइन सूची, म्हणजे ओपॅक, बाहेरून उघडत असेल तर एसटीत बसण्यापूर्वीच ती पाहून पुस्तकांचे बोधांक, म्हणजे कपाटातील जागा सांगणारे क्रमांक, वहीत उतरवून घ्यावेत.

‘विदर्भातील कापूस उत्पादकांच्या कर्जाच्या समस्या’ असे पूर्ण वाक्य शोधचौकटीत घालू नका, कारण यंत्र नोंदीतील शब्द जुळवते, तुमचा हेतू नाही. ‘कापूस’ आणि ‘कर्ज’ एवढेच द्या. मराठी पुस्तकांच्या नोंदी कुठे देवनागरीत, तर कुठे रोमन लिपीत असतात, त्यामुळे दोन्ही लिप्यांत आणि ‘कॉटन’ या इंग्रजी शब्दानेही शोधावे. एक उपयुक्त पुस्तक सापडले की त्याची पूर्ण नोंद उघडून तिच्यातील विषयशीर्षकावर, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणाऱ्या ठरीव शब्दांवर, क्लिक करा. नावात तुमचा शब्द नसलेली, पण त्याच विषयाची पुस्तके तिथे सापडतात, आणि माझ्या मते सूचीचा खरा उपयोग हाच आहे.

ड्यूई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार अंक देणाऱ्या वर्गीकरणात, कापसाची लागवड ६३३.५१ या वर्गांकाखाली येते, तर शेतीचे अर्थशास्त्र ३३८.१ खाली, म्हणून दोन्ही कपाटे पाहावीत. प्रबंधांसाठी मात्र शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे ऑनलाइन भांडार, वेगळे पाहा.