शिरेल्स बीटल्समुळे मागे पडल्या का?

तुमचा प्रश्न असा आहे, की १९६१ आणि १९६२ मध्ये एकेक गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेणाऱ्या शिरेल्स, हा तिथला मुलींचा गायनगट, अचानक मागे कशा पडल्या. बीटल्स आले म्हणूनच ना? हे उत्तर सर्रास दिलं जातं, पण तारखा लावून बघा. त्यांचं पहिल्या दहांत गेलेलं शेवटचं गाणं, 'फूलिश लिटल गर्ल', १९६३च्या पूर्वार्धातलं. बीटल्स अमेरिकेत उतरले फेब्रुवारी १९६४ मध्ये. उलट बीटल्सनी आपल्या पहिल्याच अल्बममध्ये शिरेल्सची दोन गाणी गायली होती, 'बॉइज' आणि 'बेबी इट्स यू'.

खरं दुखणं घरातलंच होतं. न्यू जर्सीतल्या पसेक गावच्या या चार शाळकरी मुली: शर्ली ओवेन्स, डोरिस कोली, अ‍ॅडी हॅरिस, बेव्हर्ली ली. वर्गमैत्रिणीची आई फ्लॉरेन्स ग्रीनबर्ग यांनी त्यांच्यासाठी रेकॉर्ड कंपनीच काढली आणि पुढे सेप्टर रेकॉर्ड्स उभी केली. मुलींना सांगितलेलं, की तुमची कमाई ठेवीत सुरक्षित आहे, एकविसाव्या वर्षी मिळेल. एकवीस झाल्या, तेव्हा ती ठेव नव्हतीच! मग कोर्टकचेरी. १९६५ मध्ये तडजोड झाली, पण ऐन भराचा काळ त्यात गेला. त्याआधीच त्यांचा निर्माता ल्यूथर डिक्सन कंपनी सोडून गेला होता, आणि शिरेल्सचा तो आवाज घडवण्यात त्याचा वाटा फार मोठा होता.

'विल यू लव्ह मी टुमॉरो' एकदा हेडफोन लावून ऐकाच. कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन यांनी रचलेलं हे गाणं शर्लीला आधी कंट्री ढंगाचं वाटलं होतं, आवडलं नव्हतं. व्हायोलिनांसकट तयार झालं तेव्हा मत बदललं. ती कुठेही आवाज चढवत नाही, हरकती घेत नाही. आजची रात्र माझी, पण उद्याचं काय, एवढंच सरळ विचारते. लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकेतल्या 'हॉट १००' यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला कृष्णवर्णीय मुलींचा हा पहिला गट, आणि तो गेला या गाण्यामुळे. मला तरी त्या काळातल्या कुठल्याच गायिकेचा आवाज इतका जवळचा वाटत नाही.

१९८२ मध्ये अटलांटात कार्यक्रम केल्यानंतर अ‍ॅडी हॅरिस हृदयविकाराने गेली. १९९६ मध्ये गटाला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, तेव्हा व्यासपीठावर तिघीच होत्या.