रिसर्चची दोन वर्षं: काम कुठल्या वर्षाचं, पगार कुठल्या वर्षाचा?

प्रश्न: मुलगा सोलापुरातून एमबीबीएस होऊन अमेरिकेत जनरल सर्जरीची रेसिडेन्सी (तिथलं पदव्युत्तर प्रशिक्षण) करतोय, जे-१ व्हिसावर (एक्स्चेंज व्हिजिटरचा तात्पुरता व्हिसा). दोन वर्षं झाली. आता दोन वर्षं लॅबमध्ये रिसर्च करणार म्हणतो. पगार चालू राहतो का? परतल्यावर तो तिसऱ्या वर्षाला की पाचव्या?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर: तिसऱ्या. सर्जरी बोर्डाला (तज्ज्ञ सर्जन म्हणून प्रमाणपत्र देणारी तिथली संस्था) ५ क्लिनिकल, म्हणजे रुग्णसेवेची, वर्षं लागतात आणि लॅबची वर्षं त्यात धरत नाहीत. त्यामुळे एकूण ७ होतील. आपल्याकडे एमएसच्या ३ वर्षांतच थीसिस होते, जेआर-१ ते जेआर-३ (ज्युनियर रेसिडेंट) असा हुद्दा आणि स्टायपेंड बरोबरीने चढतात. तिथे या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात, आणि घोळ इथेच होतो.

पगाराला देशभर एक नियम नाही. काही हॉस्पिटलं रिसर्चची वर्षंही मोजतात: लॅबमध्ये पीजीवाय-३ आणि ४ चा पगार (पीजीवाय म्हणजे पदवीनंतरचं प्रशिक्षणाचं कितवं वर्ष), परतल्यावर काम तिसऱ्या वर्षाचं पण पगार पीजीवाय-५ चा. काही ठिकाणी पायरी गोठते, परतल्यावर पीजीवाय-३ चाच पगार सुरू होतो. हा फरक पुढची तिन्ही वर्षं अंगावर बसतो.

त्याआधी विचारायचं ते हे, की लॅबच्या काळातला पैसा देणार कोण? रेसिडेंटसाठी हॉस्पिटलला मिळणारा मेडिकेअरचा (अमेरिकेची सरकारी आरोग्यविमा योजना) पैसा अशा स्वतंत्र लॅब-वर्षांना लागू होत नाही. मग विभागाचा फंड किंवा ग्रँट शोधावी लागते. एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची टी-३२ ही संशोधन-प्रशिक्षणाची ग्रँट बरेच जण घेतात, पण ती अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळते. जे-१ वरच्या तुमच्या मुलाला तो रस्ता बंद आहे. रिसर्च फेलोशिपच्या पैशावर गेल्यास तो हॉस्पिटलचा कर्मचारी राहतो का, हेही पाहावं. नाही तर आरोग्यविमा आणि निवृत्तीची वर्गणी बदलू शकते. त्याचे सहकारी जादा ड्युट्या करून पगारातली तूट भरतील, जे-१ वर त्याला परवानगी नाही.

व्हिसाचं गणित सगळ्यांत नाजूक. जे-१ वरचं प्रशिक्षण साधारण ७ वर्षांपुरतं असतं. ५ आणि २ मध्येच ती संपली, तर रेसिडेन्सीनंतरच्या फेलोशिपला (उपशाखेचं प्रशिक्षण) जागा उरत नाही. म्हणून लॅबला जाण्याआधी ईसीएफएमजीकडे (परदेशी डॉक्टरांचा जे-१ प्रायोजित करणारी संस्था) विचारणा करावी, नंतर नव्हे.

पैशाचा स्रोत, दोन्ही वर्षांची रक्कम, विमा, परतल्यावरची पगाराची पायरी आणि जागा राखून ठेवल्याची हमी हे सगळं प्रोग्रॅमकडून लेखी घ्यायला सांगा. तोंडी आश्वासनावर जाऊ नये. दोन वर्षांत डायरेक्टर बदलू शकतो.

प्रश्न: मॅचआधी (रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याची अमेरिकेतली प्रक्रिया) दोन वर्षं अमेरिकेत रिसर्च केला, तर थेट पीजीवाय-२ ला घेतील का?
– इंटर्न, सोलापूर

उत्तर: नाही. अर्ज भक्कम होतो, शिफारसपत्रं मिळतात, पण सुरुवात पीजीवाय-१ पासूनच होते. एमबीबीएसनंतरची क्लिनिकल कामापासूनची फारकत मात्र अनेक प्रोग्रॅमना खटकते, तेव्हा रिसर्चबरोबर क्लिनिकल अनुभवाची सोय आधीच करून ठेवा.