कॉफीच्या पाकिटाचं तोंड: सुरुवातीला एवढंच बघ

अगं, घरी कॉफी भाजून विकतेयस, मस्तच! पण पहिल्याच फटक्यात दहा प्रकारची पाकिटं मागवू नकोस.

१. एकतर्फी व्हॉल्व्हवालं पाकीट घे. भाजलेल्या बिया काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, तो व्हॉल्व्हमधून बाहेर जातो नि बाहेरची हवा आत येत नाही. मी पहिल्यांदा साध्या पाकिटात भाजल्या दिवशीच भरून सील केली, दुसऱ्या दिवशी सगळी उशीसारखी टम्म!

२. झिप आणि त्याच्यावर हीट सील (गरम करून तोंड चिकटवणं), दोन्ही हवं. झिपच्या खाचेत पावडर अडकली की झिप लागल्यासारखी वाटते पण लागत नाही, म्हणून भरताना कागदाचं नरसाळं लाव नि खाच कोरड्या फडक्याने पूस. सीलर आपल्या इंदुरात शेव-नमकीनवाल्यांकडे असतो तसलाच चालतो, फक्त फॉइलला जरा जास्त गरम लागतो. मग व्हॉल्व्हवर बोट ठेवून पाकीट दाब, कुठून फुस्स झालं तर परत सील कर.

तारेची पट्टी दुमडायची पाकिटं दिसतात गोड, पण हवाबंद नसतात, त्यात पावसाळ्यात तर नकोच. व्हॅक्यूम (पाकिटातली हवा काढून टाकणं), हवेऐवजी नायट्रोजन भरणं वगैरे नंतर बघू, आधी वीसेक पाकिटं भरून तर बघ.